'बेवारस' वस्तू आणि धन्याचा हक्क

वसतिगृह सोडून गेलेल्या विद्यार्थ्याची ट्रंक मित्राच्या खोलीत राहते. वर्ष उलटते, पत्राला उत्तर येत नाही. मग कोणी तरी म्हणतो, 'ती बेवारस आहे, विकून टाकू.' या एका शब्दात कायद्याच्या दृष्टीने मोठा प्रमाद दडलेला आहे.

फारसी 'बे' आणि अरबी 'वारिस' यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'ज्याला वारस नाही असा'. व्यवहारात मात्र धनी जवळ न दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूस आपण तो लावतो. परिणामी टाकलेली, हरवलेली आणि विश्वासाने ठेवलेली अशा तीन भिन्न वस्तू एकाच नावाखाली येतात. मनुस्मृतीतील 'प्रणष्टस्वामिक' ही संज्ञा अधिक काटेकोर होय. तीत नाहीसा झालेला असतो तो स्वामी, स्वामित्व नव्हे. म्हणूनच असे धन राजाने तीन वर्षे राखून ठेवावे, असे मनू सांगतो. शिवाय त्याच्या अठरा व्यवहारपदांत 'निक्षेपा'च्या लगेच पुढे 'अस्वामिविक्रय', म्हणजे स्वामी नसलेल्याने केलेली विक्री, येतो, हेही लक्षणीय आहे.

भारतीय करार अधिनियम, 1872 मध्येही हाच विवेक आढळतो. कलम 71 प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर निक्षेप स्वीकारणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. कलम 151 प्रमाणे सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी त्याने घ्यावयाची असते. कलम 168 अन्वये वस्तू जपण्यासाठी व धनी शोधण्यासाठी स्वेच्छेने केलेल्या खर्चाबद्दल त्याला दावा लावता येत नाही. मात्र भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. सामान्यतः विकली जाणारी वस्तू असून वाजवी शोध घेऊनही धनी सापडला नाही, किंवा रास्त खर्च देण्यास त्याने नकार दिला, तरच कलम 169 विक्रीची मुभा देते. त्यातही वस्तू नासण्याची वा तिचे बहुतांश मोल जाण्याची भीती असली पाहिजे, अथवा खर्च किंमतीच्या दोन-तृतीयांशापर्यंत पोहोचलेला असला पाहिजे. ही मुभा सापडलेल्या वस्तूपुरती आहे. हाती सोपविलेल्या ठेवीला ती लागू नाही.

'टाकलेली' वस्तू याहून वेगळी. तेथे हक्क सोडण्याचा धन्याचा हेतू दिसावा लागतो, आणि केवळ काळ लोटल्याने तो सिद्ध होत नाही.

तेव्हा त्या ट्रंकेविषयी पहिला प्रश्न 'धनी कोठे आहे?' हा नसून 'ती कोणी, कोणत्या हेतूने मागे ठेवली?' हा होय. 'बेवारस' म्हणताच हा प्रश्न विचारण्याचे राहून जाते.