मुलाम्याखालची अमेरिका : कटगुण, मुंबई आणि फिलाडेल्फिया

१८७३ साली जगाच्या दोन टोकांना दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. अमेरिकेत मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी मिळून एक कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थ होता 'मुलाम्याचे युग'. सुवर्णयुग नव्हे, तर वरून सोन्याचे पाणी दिलेले युग. पुढे इतिहासकारांनी यादवी युद्धानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांना हेच नाव दिले. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' आली. ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतील सज्जनांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली होती.

एकाच देशाबद्दल एकाच वर्षी हे दोन सूर कसे निघाले? अमेरिकन लेखक आपल्याच देशाला मुलाम्याचा म्हणतो आणि पुण्यात बसलेला मराठी विचारवंत त्याच देशातील माणसांपुढे कृतज्ञतेने हात जोडतो. मी कोरेगावचा. फुल्यांच्या पूर्वजांचे कटगुण आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यात, पुसेगावजवळ आहे. त्यामुळे ही अर्पणपत्रिका मला नेहमीच घरची वाटत आली आहे. पण तिच्या पुढची गोष्ट आपण फारशी सांगत नाही. फुल्यांनी वंदन केलेल्या त्या अमेरिकेचे नंतर काय झाले आणि ते आपल्यापैकी कोणी जाऊन पाहिले का, हा या लेखाचा विषय आहे.

आधी तो देश समजून घेऊ. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच सुमारास अमेरिकेत सुमारे ३५ हजार मैलांचे लोहमार्ग होते. १९०० पर्यंत ते १ लाख ९० हजार मैलांच्या पुढे गेले. १८६९ मध्ये पूर्व आणि पश्चिम किनारे रुळांनी जोडले गेले. रुळांबरोबर पोलाद आले, पोलादाबरोबर कार्नेगी. तेलाच्या शुद्धीकरणाचा बहुतांश धंदा रॉकफेलरच्या एका कंपनीच्या मुठीत गेला. १८८० ते १८९० या दहा वर्षांत ५० लाखांहून अधिक परदेशी माणसे तिथे कामाच्या शोधात उतरली. शहरे फुगली, चाळी कोंदट झाल्या, दहा-बारा तासांचा दिवस नेहमीचा झाला.

मुलामा सर्वांत लवकर उडाला तो दक्षिणेत. १८७७ मध्ये तिथून केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले. मुक्त झालेल्या काळ्या नागरिकांना मिळालेले मताचे आणि संरक्षणाचे हक्क पुढच्या काही वर्षांत एकेक करून काढून घेतले गेले. म्हणजे फुल्यांच्या अर्पणपत्रिकेची शाई वाळून चार वर्षे होतात न होतात, तोच तिच्यातील आशेचा पाया खचू लागला होता. पुण्याहून ते दिसणे कठीण होते. ते पाहायला तिथे जावे लागणार होते.

तिथे गेल्या पंडिता रमाबाई. १८८६ च्या मार्चमध्ये त्या इंग्लंडहून फिलाडेल्फियाला पोहोचल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. ११ मार्चला तिथल्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात तो समारंभ झाला. रमाबाई पाहुण्या म्हणून गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला, देशभर व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. परतल्यावर १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. नावातच क्रम स्पष्ट आहे: आधी लोकस्थिती, मग प्रवास. निसर्गशोभा आणि जेवणखाणे सांगणाऱ्या प्रवासवर्णनाहून हा ग्रंथ वेगळा आहे. राज्यकारभार, घरातील राहणी, शिक्षण, धर्म आणि दानधर्म, स्त्रियांची स्थिती, व्यापार-उद्योग अशी त्याची मांडणी आहे. त्या काळच्या अमेरिकन समाजाचा मराठीतील हा पहिल्या फळीतील अभ्यास म्हणावा लागेल.

रमाबाईंना अमेरिका आवडली यात शंका नाही. राजा नसलेला देश, मुलींसाठी उघडी महाविद्यालये, स्वतःच्या बळावर उभे राहणारे लोक हे सारे त्या मनापासून सांगतात. पण त्यांचे कौतुक डोळे मिटलेले नाही. काळ्या लोकांविषयीचा तिटकारा गुलामगिरी गेल्यावरही गेलेला नाही, हे त्या नोंदवतात. मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाबद्दल त्यांची सहानुभूती स्पष्ट आहे. टोपीवर पक्ष्यांची पिसे मिरवणाऱ्या बायकांनाही त्या सोडत नाहीत. फुल्यांनी दुरून जी कृतज्ञता व्यक्त केली, तिला रमाबाईंनी जवळून पाहिलेली तळटीप जोडली, असे मी म्हणेन.

मात्र पुस्तकाचे खरे वजन स्त्रियांवरील प्रकरणात आहे. रमाबाई तिथे एक गोष्ट बारकाईने शोधत होत्या: ज्यांच्या हाती मत नाही, पैसा नाही, त्या माणसांनी काही बदलायचे तर कसे? १८८६ साली अमेरिकेतील बहुसंख्य स्त्रियांना मताधिकार नव्हता; देशभर तो मिळायला १९२० उजाडले. तरीही फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखालील दारूबंदीच्या स्त्री-संघटनेच्या गावोगावी शाखा होत्या. सभा, वर्गणी, हिशेब, ठराव, मासिक, वार्षिक अहवाल ही त्यांची हत्यारे होती. १८८८ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे रमाबाई बोलल्या.

ही रीत त्यांनी उचलली. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि तिने विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे ठरवले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पहिल्या विद्यार्थिनींत होत्या गोदूबाई. पुढे त्या धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. अमेरिकेहून आणण्यासारखी वस्तू म्हणून रमाबाईंनी यंत्र निवडले नाही. त्यांनी संघटना बांधण्याची पद्धत आणली.

याच वर्षांत यंत्र मुंबईत केव्हाच आलेले होते आणि त्यावर आमच्याकडची माणसे उभी होती. सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांनी मुंबईच्या कापड गिरण्यांना हात पुरवले. कोरेगाव तालुक्यातील गावांत आजही जुन्या घरांची ओळख 'गिरणीवाल्यांचे' अशी सांगतात. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने फक्त मुलांच्या कामाला मर्यादा घातली होती. मोठ्यांना आठवड्याची सुटीसुद्धा नव्हती.

फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, जखमी झाल्यास भरपाई. निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. शिकागोत आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला आणि हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला तो १८८६ च्या मे महिन्यात, म्हणजे लोखंड्यांच्या सभांनंतर दीड वर्षाने. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

१८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा आणि आठवड्याची सुटी आली. इथे एक कडू सत्य सांगायला हवे. या कायद्यामागे लँकशायरच्या गिरणीमालकांचाही जोर होता. मुंबईचे स्वस्त कापड त्यांना सलत होते. म्हणजे सुधारणा नेहमी शुद्ध हेतूनेच येते असे नाही. अमेरिकेतही असेच घडले. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरने शिकागोच्या खाटीकखान्यांतील मजुरांचे हाल सांगणारी कादंबरी लिहिली. वाचक हादरले ते आपल्या ताटातील मांसाच्या घाणीने, आणि कायदा झाला तो अन्नशुद्धीचा. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल शिवणकारखान्याला आग लागली. दारे बंद होती. १४६ जीव गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली. त्यानंतरच तिथल्या राज्याने कारखान्यांचे कायदे कडक केले.

तरीही हेतू मिश्र असले म्हणून फळ खोटे ठरत नाही. कायदा येतो तेव्हा त्याचा फायदा घ्यायला कोणीतरी आधीच जमलेले असावे लागते. लोखंड्यांच्या सह्यांचे कागद आणि विलर्डबाईंच्या शाखा यांचे महत्त्व मला यातच दिसते. लोखंडे विधवांच्या केशवपनाविरुद्ध न्हाव्यांना संघटित करू शकले, तेही याच कारणाने. कामगारांचा प्रश्न आणि बायकांचा प्रश्न त्यांच्यासाठी दोन वेगळ्या खोल्यांत राहत नव्हता. रमाबाईंच्या धर्मांतरावर टीकेचे मोहोळ उठले तेव्हा १८८५ च्या 'सत्सार'मध्ये फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, हेही याच धाग्यातले.

१९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि आमच्या गावांतील कित्येक माणसे गाठोडे बांधून परतली. रविवारची सुटी मात्र देशात रुजली. कोणत्याही कचेरीत ती आज इतकी सहज वाटते की ती मागावी लागली होती हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण दिवाळी सरली की आमच्या तालुक्यातील उसाच्या फडांवर बाहेरच्या जिल्ह्यांतून तोडणीच्या जोड्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, पहाटे तोडणी सुरू होते आणि हंगाम संपेपर्यंत ठरलेली साप्ताहिक सुटी नसते. लोखंड्यांची १८८४ ची यादी त्यांच्यासमोर ठेवली तर तिच्यातील बहुतेक मागण्या त्यांना आजही तशाच्या तशा मागता येतील.