मांजराचे वजन : घाई नको

गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासायला आलेल्या एका बाईंनी जाता जाता विचारले, "डॉक्टर, मुलीने हट्ट धरला म्हणून प्राण्यांच्या आश्रयगृहातून मांजर आणलंय. नुसता हाडांचा सापळा आहे. अंगावर लवकर मांस चढेल असं एखादं टॉनिक लिहून द्या ना. आणि अंग गरम लागतंय, तर मुलीचं पॅरासिटामॉल थोडं पाजलं तर चालेल?"

टॉनिक मी लिहून दिले नाही, आणि पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका असे बजावले. आपले यकृत हे औषध ज्या मार्गाने शरीराबाहेर काढते तो मार्ग मांजरात फार कमकुवत असतो. माणसासाठी असलेली एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. शिवाय मांजराचे नेहमीचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. हाताला गरम लागले म्हणजे ताप आहे असे नव्हे.

मी माणसांचा डॉक्टर. मांजराच्या उपचाराचा अधिकार पशुवैद्यांचा आहे आणि तो मी त्यांच्याकडेच ठेवतो. तरीही आज या विषयावर लिहितो आहे, कारण माणसांचा डॉक्टर असल्याच्या भरवशावर मी स्वतः एक चूक केली होती.

आमची मनी अशीच आश्रयगृहातून आली. वय दीड-दोन वर्षे, वजन २ किलो १०० ग्रॅम. घरातल्या सर्वांना दया आली. दूध-चपाती, दूध-भात, पुन्हा दूध असे सुरू झाले आणि चौथ्या दिवसापासून तिला जुलाब लागले. याचे कारण साधे आहे. पिल्लाचे वय सरले की बहुतेक मांजरांत दुधातील साखर पचवणारा घटक कमी होतो. डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणीत असते. आमच्या घरी डोळे मिटले होते ते आम्ही.

ठाण्याच्या पशुवैद्यांनी जंताचे औषध वजनाप्रमाणे दिले, दात-हिरड्या पाहिल्या, विष्ठा तपासली आणि थोडे थोडे अन्न दिवसातून पाच वेळा द्यायला सांगितले. चार महिन्यांत मनी साडेतीन किलोची झाली. पुढे शस्त्रक्रिया होऊन तिची पिल्ले होणे थांबले. त्यानंतर मांजराची अन्नाची गरज पूर्वीच्या सुमारे तीन चतुर्थांशच राहते. भूक मात्र वाढते. आम्ही ताटातले देतच राहिलो. दोन वर्षांत काटा ५ किलो ८०० ग्रॅमवर गेला.

चूक झाली ती इथे. लठ्ठ रुग्णांना सांगतो तेच मी मनीला लावले. एका दिवसात खाणे निम्मे केले आणि वजन उतरवण्याचे नवे कोरडे खाद्य आणले. तिने त्याला तोंड लावले नाही. मी घरच्यांना म्हटले, "भूक लागली की खाईल." तिसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात बसून होती. कान उलटून पाहिला, तर आतली पातळ कातडी पिवळी दिसली. कावीळ.

मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले की अंगावरची चरबी एकदम यकृताकडे धाव घेते. यकृताला ती पेलवत नाही, ते चरबीने भरून जाते आणि काम थांबवते. माणसाला एकादशी मानवते, मांजराला मानवत नाही. मनीला नळीने अन्न द्यावे लागले. सुमारे तीन आठवड्यांनी ती स्वतःहून खाऊ लागली आणि वाचली. सगळीच वाचत नाहीत. म्हणून "भूक लागली की खाईल" हे वाक्य मांजराच्या बाबतीत विसरावे. मोठ्या मांजराने पूर्ण एक दिवस काही खाल्ले नाही तर पशुवैद्यांना विचारावे. पिल्लाच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नये.

आणण्यापूर्वी

मुक्या जनावरांना आसरा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा. परळचे बैलघोडा हॉस्पिटल चालवणारी संस्था १८७४ सालची. मांजर विकत आणण्यापेक्षा आश्रयगृहातून आणणे केव्हाही चांगले. मात्र आणताना चार गोष्टी कागदावर मागून घ्याव्यात : त्या दिवसाचे वजन, जंताचे औषध दिल्याची तारीख, लसीच्या तारखा आणि तिथे ते काय खात होते. पहिले आठ-दहा दिवस तेच खाद्य द्यावे. नव्या घरी आलेले मांजर पलंगाखाली दडून बसते. त्याला एका शांत खोलीत ठेवून खाणे-पाणी तिथेच ठेवावे. घरात दुसरे मांजर असेल तर दोन आठवडे वेगळे ठेवणे उत्तम.

वजन कसे ओळखावे?

आपल्याकडील साध्या मांजराचे वजन साधारण ३ ते ५ किलोच्या दरम्यान असते. पण आकड्यापेक्षा हात खरा. आपली मूठ आवळून बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवा. मांजराच्या बरगड्या अशा लागल्या तर ते अशक्त आहे. हात उघडा ठेवून पंजाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर ठीक. तळहातावर बोट दाबल्यासारखे वाटले, हाडे लागेचनात, तर चरबी जास्त आहे.

वजन दर आठवड्याला एकाच वेळी करावे. दवाखान्यातून बाद केलेला तान्ह्या मुलांचा काटा आमच्या उपयोगी पडला. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पिशवीसह वजन करून पिशवीचे वजन वजा केले तरी चालते. ३ किलोच्या मांजराचे १०० ग्रॅम घटणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे २ किलो घटणे. म्हणून "थोडंसंच तर कमी झालंय" असे म्हणू नये.

अशक्त मांजरासाठी

आधी कारण शोधावे. जंत, किडलेले दात, हिरड्यांची सूज, विषाणूंचे आजार, वयस्क मांजरात मूत्रपिंड किंवा थायरॉइड यांपैकी काहीही असू शकते. आजार तसाच ठेवून कितीही खाऊ घातले तरी वजन टिकत नाही. फार दिवस उपाशी असलेल्या जीवाला एकदम पोटभर खाऊ घालणेही धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतात. हे माणसातही घडते. म्हणून थोडे थोडे, चार-पाच वेळा द्यावे. उकडलेली कोंबडी किंवा मासळी द्यायची तर मीठ, मसाला, कांदा, लसूण न घालता आणि हाडे-काटे काढून द्यावी. पण नुसत्या मांसातून कॅल्शियम पुरेसे मिळत नाही. त्यामुळे रोजचा मुख्य आहार मांजरासाठी तयार केलेले संपूर्ण खाद्य किंवा पशुवैद्यांनी ठरवून दिलेले अन्न असावे. सुके बोंबील आणि सुकट खारट असतात, ती रोज नकोत.

शाकाहारी घरातील वाचकांना एक सांगणे. मांजराला टॉरीन नावाचा घटक अन्नातूनच घ्यावा लागतो, आणि तो मांस-मासळीत असतो. तो कमी पडला की मांजराचे हृदय फुगून दुबळे होते, हे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी १९८७ साली दाखवून दिले. दूध-भातावर मांजर दिवस काढते, पण निरोगी राहत नाही. घरात हे चालणार नसेल तर टॉरीन असलेले तयार खाद्य आणावे.

लठ्ठ मांजरासाठी

घरात राहणाऱ्या, शस्त्रक्रिया झालेल्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे २०० उष्मांक पुरतात. म्हशीचे १०० मिलिलिटर दूध म्हणजे जवळजवळ १०० उष्मांक. म्हणजे प्रेमाने दिलेली एक लहान वाटी त्याचे अर्धे जेवण होते. आठवड्याला वजनाच्या सुमारे एक टक्का एवढीच घट असावी. मनीच्या बाबतीत ती ५० ते ६० ग्रॅम होती. दीड किलो उतरायला सहा-सात महिने लागले. खाद्य मोजून द्यावे, नवे खाद्य जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावे, आणि घरात कोण काय देते हे सर्वांना ठाऊक असावे.

भिवंडीकरांसाठी खास

आपल्या गावात यंत्रमागांमुळे सूत कुठेही पडलेले असते. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला धागा त्याला थुंकता येत नाही. तो आतड्यात जाऊन आतडे चुण्यांसारखे गोळा करतो आणि कापतोही. उलट्या करणारे आणि वाळत चाललेले मांजर असेल तर हे ध्यानात ठेवावे. तोंडातून किंवा मागून लोंबणारा धागा कधीही ओढू नये; तसेच पशुवैद्यांकडे न्यावे.

आणि आपल्यासाठी

मांजराला रेबीजची लस द्यावी. मांजर चावले किंवा ओरबाडून रक्त आले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हळद, चुना लावू नये. मांजराची विष्ठा रोज काढावी, कारण तिच्यातील टोक्सोप्लाझ्मा हा जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतो. गरोदर स्त्रीने हे काम दुसऱ्याकडे द्यावे. मांजर घराबाहेर काढण्याची मात्र गरज नाही.

मनी आता ४ किलो ३०० ग्रॅमवर आहे. त्या बाईंना मी टॉनिकऐवजी एक दोनशे पानी वही घ्यायला सांगितली. दर रविवारी वजन, आणि रोज काय व किती खाल्ले याची नोंद. पशुवैद्यांकडे जाताना ती वही सोबत न्यावी. मांजर बोलत नाही, त्याची तक्रार त्या वहीत उमटते.