अवकाशातील भिंग आणि कावेरीचा त्रिभुज प्रदेश

सरस्वती महाल ग्रंथालयामुळे तंजावर मराठी वाचकांस परिचित आहे. त्याभोवतालची भातशेती मात्र तितकीशी नाही. कल्लणै येथील प्राचीन बंधाऱ्यापासून कावेरीच्या शाखा पूर्वेस पसरत जातात व सुमारे ११० किलोमीटरांवर समुद्रास मिळतात. एवढा प्रदेश अवकाशातून एका छायाचित्रात मावेल काय, आणि मावल्यास त्यात गावे ओळखू येतील काय, हे यानाच्या उंचीइतकेच कॅमेऱ्याच्या भिंगावर अवलंबून असते.

दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगापासून ज्या अंतरावर उमटते, त्यास नाभ्यंतर म्हणतात. समजा, यान ३०० किलोमीटर उंचीवर असून नाभ्यंतर ८० मिलिमीटर आहे. उंचीस नाभ्यंतराने भागल्यास ३७ लक्ष ५० हजार येतात. म्हणजेच फिल्मवरील एक मिलिमीटर हा जमिनीवरील पावणेचार किलोमीटर होय. फिल्मची चौकट ५५ मिलिमीटरांची असल्यास सारा त्रिभुज प्रदेश तीत सहज बसतो. परंतु ३०० मीटर लांबीचे गाव ०.०८ मिलिमीटरांचा ठिपका होऊन राहते. २५० मिलिमीटरांच्या भिंगाने तोच ठिपका तिपटीहून मोठा होईल, पण चौकटीत केवळ ६६ किलोमीटर मावतील.

ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉल्टर शिरा यांनी हॅसलब्लाड कॅमेरा अवकाशात नेला. त्यास झाइसचे ८० मिलिमीटरांचे प्लॅनार भिंग होते. सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी ११ यानातून कॉनराड व गॉर्डन यांनी दक्षिण भारत आणि श्रीलंका एकाच चित्रात टिपली. अशा चित्रात आपला प्रदेश शोधावयाचा तो कोडियक्करै येथे एकाएकी पश्चिमेस वळणाऱ्या किनाऱ्यावरून. शेतांचा शोध तेथे व्यर्थ होय.

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत ७ वर गेले, तेव्हा तेथे एमकेएफ-६एम हा कॅमेरा होता. त्यास प्रत्येकी १२५ मिलिमीटरांची सहा भिंगे होती. प्रत्येकापुढे निराळी रंगगाळणी व मागे निराळी फिल्म. त्यांपैकी दोन अवरक्त किरणांसाठी होती. सतेज भातपीक हे किरण जोराने परावर्तित करते, पाणी ते शोषून घेते. म्हणून चित्रात पीक उजळ व कालवा काळा उमटतो. पाणी सर्वांत शेवटी पोहोचते अशा वेदारण्यमकडील गावांस हा भेद मोलाचा आहे. अर्थात, नुकत्याच लावणी झालेल्या पाणथळ शेताचा रंगही काळाच. तेव्हा काही आठवड्यांनी पुन्हा पाहणे आले. शिवाय मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याचा परिपाठ १२ जून ते २८ जानेवारी असा आहे, आणि सांबा भात शेतात उभे असते त्याच ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्य मोसमी पावसाचे ढग त्यावर पसरलेले असतात.