स्वच्छ डिझेल, वेळेवर पेरणी

पावसानंतर जमिनीस वाफसा आला की वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या पेरणीस वेग येतो. हे दिवस मोजकेच असतात. अशा वेळी ट्रॅक्टर शेतातच बंद पडल्यास पेरणी लांबते व उत्पन्नास फटका बसतो. डिझेलमधील पाणी व कचरा हे त्याचे एक टाळता येण्याजोगे कारण होय.

अर्धवट भरलेल्या टाकीतील हवा रात्री थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. या पाण्याच्या आधाराने सूक्ष्मजंतू वाढतात. त्यांचा बुळबुळीत थर फिल्टर तुंबवितो. पाणी पुढे गेल्यास पंप व नोझल गंजतात.

उपाय साधे आहेत. दिवसाचे काम संपताच टाकी भरून ठेवावी. डिझेलचे पिंप सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवावे. पिंप हलविल्यास डिझेल एक दिवस निवळू द्यावे, तळाचे उपसू नये व जाळीच्या नरसाळ्यातून गाळूनच टाकीत ओतावे. डिझेलशी जस्ताची रासायनिक क्रिया होत असल्याने जस्ताचा मुलामा दिलेले भांडे वापरू नये. फिल्टरखाली साचलेले पाणी सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी काढून टाकावे.

ग्रामसभेत ही माहिती पेरणीपूर्वीच दिली गेल्यास अनेकांचा ऐन हंगामातील खोळंबा टळेल.