आधारसामग्री-स्थानांतरण

एका संगणक-प्रणालीत निर्माण झालेली माहिती दुसऱ्या प्रणालीवरील आधारसामग्री-संचयात, म्हणजेच डेटाबेसमध्ये, नेऊन नोंदविण्याच्या क्रियेस आधारसामग्री-स्थानांतरण म्हणतात. हे स्थानांतरण दोन प्रकारचे असते : जुनी प्रणाली बंद करून नवी सुरू करताना होणारे एकवेळचे, आणि दोन प्रणाली चालू असताना होणारे अखंड. माहिती थोडक्या वेळात पोहोचणे आणि ती न बदलता पोहोचणे, ही दोन्ही प्रकारांतील उद्दिष्टे होत.

कार्यक्षमता : स्थानांतरणास लागणारा वेळ माहितीच्या आकारमानापेक्षा पुष्कळदा फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे पाठवून तिची पोच येईपर्यंत थांबल्यास बहुतेक काळ प्रतीक्षेतच जातो. समजा, एका फेरीस २० मिलिसेकंद लागतात. तर ५०,००० नोंदी एकेक करून पाठविताना केवळ प्रतीक्षेत १,००० सेकंद, म्हणजे सु. १७ मिनिटे खर्च होतील. त्याच नोंदी हजार-हजारांच्या गटांनी पाठविल्यास ५० फेऱ्या पुरतात व प्रतीक्षा एका सेकंदावर येते. म्हणून बहुतेक आधारसामग्री-संचयांत घाऊक भरणाची स्वतंत्र सोय असते. प्रत्येक नोंदीबरोबर सूची अद्ययावत करण्याचे श्रम वाचावेत यासाठी, मोठ्या भरणापूर्वी सूची काढून टाकतात व भरण संपल्यावर ती एकदाच बांधतात. अखंड स्थानांतरणात संपूर्ण संचय पुनःपुन्हा न पाठविता मागील वेळेनंतर बदललेल्या नोंदीच पाठवितात.

गट पाठविताना संपर्क तुटल्यास अर्धवट माहिती राहू नये, म्हणून संपूर्ण गट एकच व्यवहार मानतात. तो पूर्ण तरी नोंदला जातो किंवा मुळीच नोंदला जात नाही. पोच हरवल्यामुळे तोच गट पुन्हा पाठविला गेला, तरी नोंद दुबार होऊ नये यासाठी प्रत्येक नोंदीस अनन्य क्रमांक देतात.

संकेतनाची अडचण : भारतीय भाषांतील जुनी माहिती हलविताना लिपीचे संकेतन हा स्वतंत्र प्रश्न ठरतो. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की हे संकेतन प्रमाणित केले. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तथापि अनेक कार्यालयांतील माहिती विशिष्ट टंकांच्या संकेतांकांत साठविलेली होती. युनिकोडमध्येही ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी दर्शविता येते. त्यामुळे ‘गोऱ्हे’ हे आडनाव पडद्यावर सारखेच दिसूनही शोध घेताना सापडत नाही. यासाठी स्थानांतरणापूर्वी सर्व मजकूर एकाच रूपात आणणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील भूमी-अभिलेख : या क्रियेचे एक व्यापक उदाहरण सातबारा उताऱ्यांत आढळते. केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी निवडलेल्या ८ जिल्ह्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे राज्यातील हस्तलिखित गाव नमुने तालुक्यातालुक्यांच्या संगणकांत भरण्यात आले व ई-फेरफार प्रकल्पात ती माहिती मध्यवर्ती संचयात आणण्यात आली.

अखंड स्थानांतरणाचे उदाहरण दस्तनोंदणीचे आहे. जमिनीच्या हस्तांतरणाची खबर नोंदणी अधिकाऱ्याने महसूल यंत्रणेस द्यावी, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५४ मध्ये आहे. पूर्वी ही खबर कागदावर जात असे. आता मुळशी तालुक्यातील एखाद्या जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदले गेले की, त्याचा तपशील नोंदणी विभागाच्या आय-सरिता प्रणालीतून ई-फेरफार प्रणालीत जातो व पौड येथील तहसील कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात फेरफाराची कार्यवाही सुरू होते. हिंजवडीसारख्या, शेतीकडून उद्योग व निवासाकडे वळलेल्या गावांमुळे या तालुक्यात जमिनीच्या व्यवहारांना मोठे महत्त्व आले आहे. मात्र माहिती पोहोचली म्हणजे हक्काची नोंद कायम झाली, असे नव्हे. हितसंबंधितांना नोटीस देणे, हरकतींसाठी मुदत ठेवणे आणि सक्षम अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करणे, हे टप्पे कायद्याने राखले आहेत.

पडताळणी : स्थानांतरणानंतर नोंदींची संख्या व क्षेत्राची बेरीज दोन्हीकडे ताडून पाहतात. ४० आर क्षेत्र चुकून ४ हेक्टर नोंदले गेले असल्यास आकारबंदातील क्षेत्राशी मेळ बसत नाही व चूक उघडकीस येते. परंतु समान क्षेत्राच्या दोन गटांचे खातेदार परस्परांच्या जागी नोंदले गेले, तर बेरीज अचूकच राहते. असा दोष मूळ दप्तर पाहणाऱ्यास किंवा जमीन कसणाऱ्यासच कळतो. म्हणूनच २०१७ मध्ये राज्यात संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडीवाचन करण्यात आले व खातेदारांकडून आक्षेप मागविण्यात आले. लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी संहितेच्या कलम १५५ ची तरतूद आहे. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून देण्यास आरंभ झाला.

अधिकार-अभिलेखातील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, कलम १५७ अन्वये खरी मानली जाते. त्यामुळे अशा माहितीच्या स्थानांतरणात राहिलेला दोष तांत्रिक न राहता विधिविषयक ठरतो. तो दूर करण्याचा भार खातेदारावर पडतो, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याचे पीककर्ज, वारसनोंद किंवा भूसंपादनाचा मोबदला अडू शकतो. वेग फेऱ्यांची संख्या कमी करून मिळविता येतो. मूळ दप्तर व खातेदार यांच्याशी करावयाचा मेळ मात्र कमी करता येत नाही, तो स्थानांतरणाचाच अंतिम टप्पा होय.