संशयित पदपथ : चोरी, बेघर माणूस आणि पोलीस यांचा मागोवा

महाराष्ट्रात बेघर माणूस आणि पोलीस यांचे नाते चोरीच्या संशयातून घडले. शहरांत चोरीसाठी मोटारींच्या काचा फुटू लागण्याच्या कितीतरी आधी हा संशय कायद्यात शिरला होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू होऊ शकला. ठरलेले गाव नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, आज इथे तर उद्या तिथे पाल पडलेले, अशा समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. पोलिसांकडे नोंद, ठरलेल्या वेळी हजेरी, हद्द ओलांडायला परवाना हे त्या माणसांचे रोजचे जिणे झाले. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या आणि लोक त्यांना सेटलमेंट म्हणू लागले. एखाद्याने काय केले यापेक्षा तो कुठे राहतो, किंवा कुठेच राहत नाही, यावरून त्याच्याकडे पाहण्याची पोलिसी सवय या काळात पक्की झाली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, पण ठाण्यातली दप्तरे जागेवर राहिली आणि १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. विदर्भात पारधी समाजाच्या वस्तीला बेडा म्हणतात. जवळपास चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्यावर येते, ही तिथल्या माणसांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

त्याच १९५९ सालचा दुसरा कायदा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा. विदर्भ तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होता, त्यामुळे नागपूर-वर्ध्याचा मुलूखही त्याच्या कक्षेत आला. त्यातली भिकेची व्याख्या पाहण्यासारखी आहे. हात पसरणे तर त्यात आहेच. शिवाय गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरती करून दाखवणे, किरकोळ वस्तू विकायला पुढे करणे हेही आहे. म्हणजे वासुदेव, डोंबारी, नंदीबैलवाला, बहुरूपी या साऱ्यांचा परंपरागत व्यवसाय एका व्याख्येने पोलिसांच्या हाती गेला. व्याख्येचा आणखी एक भाग याहून कडक आहे. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी असा वावरतो की भिकेवर जगत असावा असे वाटते, एवढ्यावर माणूस भिकारी ठरू शकतो. त्याला पकडायला वॉरंट लागत नाही. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येते आणि वारंवार सापडणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत. गुन्हा काय, तर गरिबी दिसली. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये या कायद्याची दिल्लीला लागू असलेली मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली. तो निकाल दिल्लीपुरता होता.

रस्त्यावर टाकल्या गेलेल्या माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहण्याचा दाखला वर्ध्यातच आहे, आणि तो या कायद्याहून जुना आहे. कुष्ठरोग झाला की घरदार सुटायचे आणि माणूस देवळाच्या पायरीवर यायचा, असा तो काळ. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे अशा रुग्णांसाठी काम सुरू केले. उपचार, शेती, विणकाम अशी कामे आणि राहायला जागा एकाच ठिकाणी मिळाली. सेवाग्रामला गांधीजींनी ज्यांची शुश्रूषा केली ते परचुरे शास्त्री पुढे दत्तपूरलाच राहिले. १९५९च्या कायद्याने कुष्ठरुग्ण भिकाऱ्यासाठीही बंदिस्त ठेवण्याची तरतूद केली. छप्पर दोन्हीकडे होते. दत्तपूरला माणूस रुग्ण आणि कामकरी होता, तर कायद्याच्या लेखी तो ताब्यात घेतलेला इसम होता.

मुंबईत पदपथावर राहणाऱ्यांचा प्रश्न ऐरणीवर आला तो जुलै १९८१मध्ये. पदपथांवरच्या झोपड्या पाडून रहिवाशांना त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचे तत्कालीन मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केले. भर पावसात कारवाई सुरू झाली आणि पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्क संघटना आणि खुद्द पदपथवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड होते. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे या निकालातले तत्त्व सर्वांना ठाऊक असते. चोरी आणि बेघरपण यांच्या नात्यावर त्यात जे म्हटले आहे, त्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

राज्य सरकारने प्रतिज्ञापत्रात पदपथवासीयांमध्ये गुन्हेगारी प्रवृत्ती विशेष असल्याचा आरोप केला होता. न्यायालयाने तो निराधार ठरवला आणि त्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेतील नागरी अभ्यास विभागाच्या पाहण्यांचा आधार घेतला. १९७२ ते १९८१ या काळातल्या त्या पाहण्यांनुसार पदपथावरची ५३ टक्के माणसे भाजी, फुले, खेळणी, फुगे, सुया-बटणे विकून स्वतःच्या बळावर पोट भरत होती. ३८ टक्क्यांहून अधिक माणसे मजुरी, बांधकाम, घरकाम, हमाली करत होती. बेकार होती केवळ १.७ टक्के. त्या गर्दीत मराठवाडा विद्यापीठाचा एक पदवीधर होता आणि बऱ्यापैकी नाव असलेला एक मुस्लिम कवीही होता.

अर्जदारांपैकी एक संगमनेरचा चर्मकार होता. गावी दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे आणि घर म्हणावे असे जे होते ते कोसळले. मुंबईत त्याला महिना ३५० रुपयांवर बदली कामगाराचे काम मिळाले. तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळवायला त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले आणि बांबू-प्लॅस्टिकला ७०० रुपये खर्च केले. पदपथावर गुन्हेगार होता. त्याने या माणसाकडून पैसे उकळले. सरकारच्या प्रतिज्ञापत्राला दोघांतला फरक दिसला नाही. निकालाने तत्त्व दिले, तरी झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकार शाबूत ठेवला. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत, कारवाई थांबवली आणि १९७६च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितले. १९८१मध्येच राज्यात एमपीडीए, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला झोपडपट्टीदादा कायदा आला. त्याखाली खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येते. त्याचा रोख तुळशीवाडीत ३०० रुपये घेणाऱ्यासारख्या माणसावर असायला हवा होता.

मोटारींतून होणाऱ्या चोऱ्यांची कथा याच काळात वेगळ्या वाटेने वाढत गेली. सुरुवातीला गाडीतला टेप, वायपर, आरसे, चाकांच्या टोप्या जायच्या आणि सुटे भाग भंगार बाजारात मिसळून जायचे. लॅपटॉप आणि मोबाइल आल्यावर काच फोडून बॅग उचलणे फायद्याचे झाले. सिग्नलला एकाने काचेवर टकटक करून चालकाला बोलण्यात गुंतवायचे आणि दुसऱ्याने पलीकडच्या दाराने हात मारायचा, या पद्धतीवरून टकटक गँग हे नाव पडले. २०२०च्या सुमारास मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले, तेव्हा अनेक मालकांना चोरीमागचे कारणच कळेना. सायलेन्सरला जोडलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे महाग धातू असतात. ते काढायला गाडीखाली शिरून काम करणारा जाणता हात लागतो, माल न्यायला वाहन लागते आणि धातूची पारख असलेला खरेदीदार लागतो. रात्री पदपथावर पडलेल्या मजुराकडे यातले काहीच नसते.

पोलिसांची अडचणही समजून घ्यायला हवी. काच फुटते दोन मिनिटांत, मालक येतो दोन तासांनी, आणि टोळी तोवर दुसऱ्या जिल्ह्यात असते. गाडीच्या नेहमीच्या विम्यात आतल्या वैयक्तिक सामानाची भरपाई नसते, त्यामुळे अनेक जण तक्रारच देत नाहीत. गुन्ह्यांच्या आकडेवारीत वाहनचोरी स्वतंत्र मोजली जाते, पण वाहनातली चोरी इतर चोऱ्यांच्या ढिगात जाते. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीच्या चौकशीतून पुढे आलेले कॅमेऱ्यांचे जाळे २०१६मध्ये पूर्ण सुरू झाले. त्याचा तपासाला खरा उपयोग झाला, कारण कॅमेरा गाडीचा क्रमांक आणि चेहरा दाखवतो. जिथे असा पुरावा नसतो तिथे जुनी साधने बाहेर येतात : नाकाबंदी, कोम्बिंग ऑपरेशन, रेकॉर्डवरील गुन्हेगारांची झडती, तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत आढळणे हा गुन्हा आहे. ज्याला रात्र काढायला दारच नाही, तो रोजच या वेळेत रस्त्यावर आढळणार.

नागपुरात मार्च २०२३मध्ये पोलीस आयुक्तांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली सिग्नल, पदपथ आणि दुभाजकांवर भीक मागण्यास बंदी घातली. शहरात त्याच महिन्यात जी-२० अंतर्गत सी-२०ची, म्हणजे नागरी संस्थांच्या गटाची, बैठक होती. तातडीच्या धोक्यासाठी असलेले कलम गरिबीवर चालवले गेले. याच मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर दक्षिण मुंबईतल्या पदपथावरील बेघरांना हटवण्याची मागणी आली, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या खंडपीठाने तसा आदेश देण्याचे नाकारले आणि तीही माणसेच आहेत, याची आठवण करून दिली.

निवाऱ्याची बाजू सगळ्यात लंगडी राहिली. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. त्यातले सुमारे २ लाख १० हजार महाराष्ट्रात होते आणि ५७ हजारांवर बृहन्मुंबईत. मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये घातला. त्या हिशेबाने मुंबईला सव्वाशे निवारे लागतात. प्रत्यक्षात ती संख्या जवळपासही गेली नाही. २०१३पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून निवाऱ्यांना पैसा मिळू लागला, पण तो नगरपालिका-महापालिकांमार्फत. वर्धा शहराला लागून वाढलेल्या सिंदी मेघे, पिपरी मेघे, बोरगाव मेघे यांसारख्या वस्त्या इथेच अडकतात. सिंदी मेघे जनगणनेच्या लेखी शहर आहे आणि कारभाराच्या लेखी ग्रामपंचायत. बांधकामावर आलेले मजूर, पाल टाकून बसलेली कुटुंबे शहराच्या या कडेवरच जागा शोधतात. तिथे नागरी निवारा योजना पोचत नाही.

बेघर माणूस गुन्ह्याचा बळी असतो, ही बाजू दप्तरात कमी येते. १६ जून २०२४ रोजी नागपूरच्या दिघोरी भागात पदपथावर झोपलेल्या कुटुंबांवर मोटार गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्याजवळ वाघोलीला केसनंद फाट्यावर डंपरने झोपलेल्या मजुरांना चिरडले. तिघे गेले, त्यांत दोन तान्ही मुले होती. हे मजूर अमरावतीकडून बांधकामाच्या कामासाठी आले होते.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०५नुसार माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या वाहनातून वस्तू चोरल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम ३०३ खाली ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच केलेल्याने माल परत केला, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. छोट्या चुकीसाठी तुरुंग नको, हा विचार चांगला आहे. पण एवढ्या किमतीची चोरी नव्या प्रक्रिया संहितेत अदखलपात्र ठरते, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. पदपथावर झोपणाऱ्याच्या उशाखालचा जुना मोबाइल, आठवड्याची मजुरी किंवा आधारकार्डाची पिशवी क्वचितच ५,००० रुपयांची भरते. तोच माणूस संशयित म्हणून पकडला गेला, तर जामीनदार आणि पत्ता मागितला जातो. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळाल्यास आरोपीला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे, अशी तरतूद २००५च्या दुरुस्तीपासून आहे. तिचा उपयोग व्हायला कोणीतरी ती त्याच्या वतीने न्यायालयात मांडावी लागते.