रोग्याची खोली आणि भीतीचे फवारे

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील खजुरी हे सीमेवरचे गाव आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले नसेल. परंतु त्या जिल्ह्यातील शहाबादची फरशी आमच्या कितीतरी घरांच्या स्वयंपाकघरात आणि पडवीत बसलेली आहे. त्याच कलबुर्गी शहरातील एका ७६ वर्षांच्या वृद्धाचा १० मार्च २०२० रोजी मृत्यू झाला आणि तो देशातील कोरोनाचा पहिला बळी असल्याचे १२ मार्च रोजी जाहीर झाले. पाठोपाठ त्यांच्या घरातील एका व्यक्तीस आणि घरी येऊन त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही लागण झाल्याचे निष्पन्न झाले. साथीची पहिली ठिणगी पडली ती बाजारात नव्हे, रोग्याच्या उशाशी. पुढे सीमेवर नाके उभे राहिले, प्रमाणपत्रे तपासली गेली. पण ज्या खोलीत रोगी झोपला आहे तिची स्वच्छता कोणी, कशी आणि कशाने करावी, हा प्रश्न मात्र त्या घरातील गृहिणीवरच सोपविण्यात आला.

हा प्रश्न आजचा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान प्रथम केले ते गोव्यातील हडफडे गावचे सुपुत्र डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. त्यानंतर सरकारी यंत्रणा जागी झाली आणि कार्बोलिक ॲसिड व चुना घेऊन घराघरांवर तुटून पडली. गटारे धुतली गेली, भिंतींना सफेती दिली गेली, अंथरुणे जाळण्यात आली. पुण्यात १८९७ साली रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरांची झडती घेतली. देवघर आणि माजघर यांचा मुलाहिजा राखला गेला नाही. त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री काय झाली, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या.

या साऱ्या धुलाईतील दुर्दैवाचा भाग असा की, ती बव्हंशी चुकीच्या दिशेने चालली होती. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. भिंतीला चुना लावून पिसू मरत नव्हती आणि घर उपसल्यामुळे बिथरलेले उंदीर शेजारच्या घरात शिरत होते. रोग कोणत्या वाटेने येतो हे न ओळखता केलेली स्वच्छता म्हणजे दार उघडे टाकून खिडकीला लावलेला अडसर होय.

सव्वाशे वर्षांनंतर आम्ही यातून काय शिकलो? २०२० च्या मार्च महिन्यात बरेलीत गावाकडे परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारण्यात आले. शहरोशहरी अग्निशामक बंब रस्ते भिजवीत फिरले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये स्पष्ट केले की, रस्त्यांवर फवारणी करून उपयोग नाही आणि माणसांच्या अंगावर तर ती कधीही करू नये. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोरोना होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. तो आजार मुख्यतः श्वासावाटे, कोंडलेल्या हवेत पसरतो. म्हणजे फवारणीच्या यंत्रापेक्षा उघडी खिडकी अधिक मोलाची होती.

याचा अर्थ घर पुसू नये असा मात्र कोणी करू नये. पटकी, हगवण, कावीळ यांची वाट हात, पाणी आणि विष्ठा यांतून जाते. तेथे न्हाणी, शौचकूप, भांडी आणि कपडे यांची स्वच्छता हाच खरा बंदोबस्त होय. क्षय आणि गोवर हवेतून जातात. तेथे लादी कितीही घासली तरी बंद खोली घात करते. तेव्हा डॉक्टरांना विचारावयाचा पहिला प्रश्न ‘कोणते औषध शिंपडू?’ हा नसून ‘हा आजार कोणत्या वाटेने पसरतो?’ हा असला पाहिजे.

पुढची रीत साधी आहे. आधी साबणाने मळ काढावा, मग जंतुनाशक वापरावे. मळावर ओतलेले औषध मळातच जिरते. बाजारातील ५ टक्के क्लोरीनद्रव एक भाग आणि पाणी ४९ भाग, एवढे मिश्रण दाराच्या कड्या, बटणे, खाटेचे कठडे यांना पुरते. वांती किंवा रक्त सांडल्यास एका भागास नऊ भाग पाणी घ्यावे. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर पहिल्या कामास लिटरला सुमारे ३ ग्रॅम आणि दुसऱ्या कामास सुमारे १७ ग्रॅम पुरते. मिश्रण रोजचे रोज करावे, पृष्ठभाग दहा मिनिटे ओला राहू द्यावा आणि नंतर पुसून घ्यावा. लादी उजळण्याचे ॲसिड त्यात कदापि मिसळू नये. त्यातून निघणारा विषारी वायू रोगाआधी निरोग्यालाच गाठतो. रोग्याचे कपडे न झटकता उचलावेत आणि साबण घालून कढत पाण्यात धुवावेत.

येथे प्रदेशाचा विचार अगत्याचा ठरतो. खजुरीच्या बाजूला जाड भिंतींची, लहान झरोक्यांची माळवदी घरे आणि उन्हाळ्यात पाण्याचा खडखडाट. तेथे रोग्याला हवेशीर ओसरीवर हलविणे आणि हातासाठी तांब्याभर पाणी राखून ठेवणे हाच शहाणपणा. आमच्या किनाऱ्यावर पाण्याला तोटा नाही, पण आषाढ-श्रावणात ऊन दिसत नाही, कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि उघड्या पुडीतील ब्लीचिंग पावडर सर्दावून निव्वळ पांढरी भुकटी उरते. तेव्हा पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावी आणि कपडे वाळल्यावर कडक इस्त्री फिरवावी. पावसाच्या भीतीने खिडक्या मात्र बंद करू नयेत.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हास कर्तव्य वाटते. सोवळ्या-ओवळ्याची सवय जडलेल्या आमच्या समाजात जंतूंच्या भीतीला विटाळाचे रूप यावयास वेळ लागत नाही. कोरोनाच्या काळात दारावर चिकटविलेल्या कागदाने कित्येक कुटुंबांना गावात असून गावाबाहेर टाकले. बऱ्या होऊन घरी आलेल्यांकडेही शेजारी पाठ फिरवीत होते. स्वच्छ करावयाचे ते भांडे, कपडा आणि कडी. माणूस नव्हे. बहिष्काराच्या धास्तीने लोक आजार लपवितात आणि लपविलेला आजार सगळ्या गावाला भोवतो, हे पुण्याच्या प्लेगनेच शिकविले आहे.

पंचायती आणि आरोग्य केंद्रे यांनी यंत्रे आणि फवारे यांवरील खर्चाआधी दोन कामे करावीत. ताज्या पावडरीचा साठा आणि हातमोजे घरोघर पोहोचतील अशी व्यवस्था ठेवावी आणि सूचनापत्रक घरातल्या भाषेत द्यावे. सीमेवर ते कन्नडमध्ये हवे तसेच मराठीतही हवे. सूचना कळली नाही तर औषध वाया जाते. घरातील पुरुषांनीही हे ओझे एकट्या बाईवर टाकू नये. रोग्याजवळ एकानेच जावे हे खरे, पण पाणी तापविणे, दारापर्यंत बादली आणून देणे, बाकीचे घर सांभाळणे ही कामे इतरांना करता येतात. साथ ओसरते, नाके उठतात, फवारे थांबतात. रोग्याच्या खोलीची केरसुणी मात्र कोणाच्या तरी हातात राहतेच. तो हात शहाणा आणि सुरक्षित असावा, एवढीच आमची मागणी आहे.